दादाच्या बेसमधली फट

आधी खोलीत काय काय होतं ते मोजून घेऊ.

एक पलंग, त्यावरची गादी गुंडाळलेली. एक लाकडी खुर्ची. एक खिडकी, कडी घातलेली. भिंतीत सहा खिळे, त्यांतल्या एकावर टोपी, बाकीचे रिकामे. कोपऱ्यात एक स्टँड. स्टँडवर एक बेस गिटार, त्याला चार तारा. बेसला अडकवलेला चामड्याचा एक जुना पट्टा, खाली लोंबणारा.

आवाज मोठा करणारा अँप्लिफायर नव्हता. तो बँडमधली मुलं घेऊन गेली होती.

माणूस नव्हता.

ही मोजणी पूर्ण आहे... आणि पुढे जे घडलं ते खोलीत एवढंच असताना घडलं.

विश्वास ठेवा, असा आग्रह इथे कुणी करणार नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती मुलगी 'विश्वास' हा शब्द ऐकला तरी कपाळाला आठ्या घालते. ती म्हणते, हे खरं आहे, कारण मी ते मोजलंय. आणि यात अंधार, सुनसान रस्ता, कुत्र्याचं रडणं असलं काही शोधू नका. हे सगळं भर दुपारचं आहे. जेवणं उरकून, भांडी पालथी घालून अख्खी इमारत डुलकी काढत असते... त्या वेळचं.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पदार्थविज्ञान शिकून ती नुकतीच एका प्रयोगशाळेत लागली होती. तिथे लोकांच्या मोजपट्ट्या आणि काटे खरे आहेत की खोटे, ते तपासायचं काम चाले. सवय घरापर्यंत आली होती. तिच्या हातात पेढा ठेवला तरी आधी वजन सांगेल, मग तोंडात टाकेल, असं दादा म्हणायचा.

दादा बेस वाजवायचा. रात्री कार्यक्रम, सकाळी झोप, दुपारी सराव. अँप्लिफायर न लावता, पलंगाच्या कडेला बसून, नुसत्या तारांवर. शेजाऱ्यांना ऐकू जात नसे. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या आईला मात्र जाई. ती त्या ठेक्यावर पायडल मारायची. "याचा हात थांबला की माझी शिवण वाकडी जाते," म्हणायची.

मग एका कार्यक्रमाहून परतताना बँडची गाडी वळणावर उलटली.

बाकीचे हातपाय मोडून वाचले. दादा गेला.

बेस पेटीत होता. काही आठवड्यांनी कुणीतरी तो घरी आणून दिला. एकही ओरखडा नव्हता. धाकटीने सवयीने चारी तारा छेडून पाहिल्या.

सुरात होत्या.

आईचं मशीन तेव्हापासून झाकलेलंच. लोकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, सगळं अर्धवट शिवलेलं तसंच घडी घालून परत गेलं. आई जेवायला बसायची आणि ताट तसंच सारायची. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. धाकटीला बाहेर घेऊन म्हणाले, "औषधाने होणारं काम नाही हे. या घरातून बाहेर काढा यांना. नाहीतर हातच्या जातील."

मावशी दुसऱ्या गावी राहायची. तिने खोली आवरून ठेवली होती. गॅलरी, झाडं, समोर मोकळं मैदान. सगळं तयार होतं. फक्त आई तयार नव्हती.

"कशी येऊ गं?" ती म्हणाली. "तो वाजवतोय ना अजून."

धाकटीने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. 

"आणि त्याला जड जातंय," आई म्हणाली. "मधेच सूर तुटतो. तारा उंच झाल्यात बहुतेक. दाबायला जोर लागतो त्याला. असा अडलेला असताना टाकून येऊ?"

"आई..."

"तू एवढं नीट करून दे. मग तू म्हणशील तिथे येते. मावशीकडे म्हण, जंगलात म्हण. पण आधी ते नीट कर."

धाकटीने हिशेब केला. वेड म्हणावं तर वेड, पण त्याला शेवट तरी होता. बेस नीट करायचा, आईला गाडीत बसवायचं. सौदा सोपा होता.

ती गिटारवाल्या काकांकडे गेली.

हे सख्खे काका नव्हेत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान. दादा तिथेच पडीक असायचा. काका बोलायला लागले की हातातलं काम थांबायचं, त्यामुळे गिऱ्हाइकं त्यांना बोलू देत नसत.

"काका, तारा उंच झाल्यात दादाच्या बेसच्या. काय करायचं?"

"कोण वाजवतंय?" काकांनी सहज विचारलं. मग जीभ चावली. "म्हणजे... बस, बस. सांगतो."

त्यांनी एक जुना बेस मांडीवर घेतला.

"हा लांब दांडा बघितलास? चार जाड तारा याला रात्रंदिवस पुढे ओढतात. माणूस असता तर केव्हाच कुबड आलं असतं. म्हणून याच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते. ट्रस रॉड. तारा पुढे ओढतात, ती मागे आवरते. टोकाला हा नट. चावीने उजवीकडे फिरवला की सळई आवळते, दांडा सरळ होतो. डावीकडे फिरवला की सैल. एका वेळी पाव फेरा. जास्त शहाणपणा केलास तर आतल्या आत तुटेल, आणि मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"दांडा अगदी सरळ हवा का?"

"अगदी सरळ कुणीच नसावं. किंचित वाक लागतो, तार थरथरायला जागा म्हणून. किती, ते फटीवरून कळतं." काकांनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पहिल्या कांबीवर, एक क्लिप चढवली, दांडा अंगाला मिळतो तिथे तार बोटाने दाबली. "आता ही तार म्हणजे सरळ रेघ. मधल्या फ्रेटच्या आणि तारेच्या मधे जी फट दिसते, तो तुझा वाक. तुझा दादा किती ठेवायचा माहीत आहे?"

"पॉइंट तीन शून्य," धाकटी म्हणाली. एकदा तिनेच मोजून दिला होता. मिलिमीटरचे तीन दशांश.

"मग झालं. आणि एक लक्षात ठेव. कधी तारा काढून बेस ठेवून दिलास, तर सळईही सैल कर. ओढणारा गेला की आवरणाऱ्यालाही सुट्टी द्यायची. नाहीतर तो एकटाच मागे ओढत बसतो आणि दांडा उलटा वाकतो."

निघताना काकांनी चावी, दोन क्लिपा आणि फीलर गेज दिलं. फीलर गेज म्हणजे पोलादी पात्यांचा पंखा. प्रत्येक पातं वेगळ्या जाडीचं. फटीत जे पातं नेमकं बसेल तेवढी फट.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने मोजलं.

"पॉइंट तीन शून्य," तिने बाहेर येऊन सांगितलं. "बरोबर आहे आई. काही बिघडलेलं नाही."

"तो शेवटचा शून्य कशाला बोलतेस नेहमी? त्याला काय वजन असतं?"

"असतं. तो नसला तर मी नीट मोजलं नाही असा अर्थ होतो."

आई कितीतरी दिवसांनी किंचित हसली. मग म्हणाली...

"पण सकाळी कुठे वाजवतो तो?"

धाकटीच्या हातातला चहा तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर ती दादाच्या खोलीत गेली. बेस स्टँडवर उभाच ठेवला. दोन्ही टोकांना क्लिपा लावल्या, म्हणजे हाताने दाबायला नको. पॉइंट तीन शून्यचं पातं पंख्यातून सोडवून फटीत सरकवलं. घट्ट बसलं. हात काढला. पातं तारेच्या आणि फ्रेटच्या चिमटीत तसंच राहिलं.

ती खुर्चीवर बसली.

बाहेर आई शिवणयंत्राशेजारी बसली होती, मशीन झाकलेलं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी नळाची धार थांबली. जिन्यावरचा शेवटचा पाय वाजला आणि गेला. इमारत निजली.

काही नाही.

काही नाही...

मग चामड्याचा पट्टा कुरकुरला.

फार नाही. दादा बेस खांद्याला अडकवायचा तेव्हा जेवढा कुरकुरायचा तेवढाच. धाकटीने पट्ट्याकडे पाहिलं. तो लोंबत होता. हलत नव्हता.

आणि फटीतलं पातं निसटून फरशीवर पडलं.

टिंग...

एवढासा आवाज. पण बाहेरून आईची हाक लगेच आली.

"सुरू झालं बघ."

धाकटीला काहीच ऐकू येत नव्हतं. चारी तारा स्थिर होत्या. तिने हात लावून पाहिलं. त्या थरथरत नव्हत्या. पण फट रुंदावली होती. ती एकेक पातं लावत गेली. पॉइंट पाच शून्य, सैल. पॉइंट सहा शून्य, सैल. पॉइंट सात शून्य बसलं.

दांडा चाळीस शतांशाने पुढे वाकला होता.

शेजाऱ्यांच्या चहाची भांडी वाजू लागली तेव्हा तिने पुन्हा मोजलं. पॉइंट तीन शून्य.

आता घाबरून पळ काढणाऱ्यांतली ती नव्हती. लाकूड उन्हाने वाकतं, दमटपणाने वाकतं. तिने खिडकीला जाड चादर लावली. प्रयोगशाळेतून तापमानाचा आणि दमटपणाचा काटा आणला. काकांकडून तसाच दुसरा बेस मागून आणला आणि दादाच्या बेसशेजारी उभा केला. दोन्हींत एकाच जाडीचं पातं. ऊन तेच, हवा तीच. वाकायचे असतील तर दोन्ही वाकतील.

काकांच्या बेसमधलं पातं पडलं नाही.

दादाच्या बेसमधलं पडलं.

दुसऱ्या दुपारीही. त्याच्या पुढच्याही. आधी पट्टा कुरकुरायचा... मग टिंग. कधी चाळीसच्या खाली नाही, कधी वर नाही. ढगाळ दिवशी तेवढंच, कडक उन्हात तेवढंच. हवेचा परिणाम इतका शिस्तीचा नसतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती दुसरा बेस परत द्यायला गेली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने काकांना विचारलं, "दांडा चाळीस शतांश वाकवायला किती ओढ लागते?"

"मला काय विचारतेस? तू सायंटिस्ट."

मग तिने काकांच्या बेसवरच करून पाहिलं. बेस टेबलाच्या कडेला पालथा बांधला, दांडा बाहेर काढला आणि टोकाला पाण्याची भरलेली बाटली टांगली. चाळीस. दोन बाटल्या टांगल्या. बरोबर दुप्पट.

"ओढ दुप्पट, वाक दुप्पट," ती पुटपुटली. "शाळेतला नियम आहे."

"तिसरी टांगू नकोस, माझ्या पोटापाण्याचा बेस आहे तो," काका म्हणाले. मग त्यांनी एकच बाटली हातात धरून तोलली. बराच वेळ तोलत राहिले. "एका हाताचं वजन आहे गं हे. वाजवणारा दांड्यावर हात टाकून बसतो ना, वाजवणं थांबवून... तेवढं."

धाकटीने बाटली परत घेतली आणि बेस सोडवला.

धाकटीने मग तेच केलं जे आईने सांगितलं होतं. दुपारी, पातं पडल्यानंतर, तिने चावी नटात घातली. उजवीकडे पाव फेरा. तारा पुन्हा सुरात आणल्या. मोजलं. आणखी पाव फेरा. सूर. मोजलं. सकाळी दांडा थोडा उलटा वाकलेला राहणार होता, तारा फ्रेटवर आडव्या पडणार होत्या. राहू देत. सकाळी कोण वाजवतंय?

दुपारी फट पॉइंट तीन शून्य झाली.

बाहेर आईने डोळे मिटले. तिचा उजवा पाय झाकलेल्या मशीनच्या पायडलवर होता. तो हलकेच वर-खाली होऊ लागला.

"आता कसं मोकळं वाजतंय..." ती म्हणाली.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. दोनदा वाढून घेतलं. धाकटीने स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसले आणि मावशीला फोन केला. रविवारी निघतो म्हणाली.

रविवारी आईने बॅग भरली नाही.

"तू शब्द दिला होतास," धाकटी म्हणाली.

"तेव्हा तो अडलेला होता. आता इतकं सुरेख वाजवतोय आणि मी उठून जाऊ? तू गेली असतीस?"

"आई, मला ऐकू येत नाही."

"तुला नाहीच यायचं. तू मोजत बसतेस."

यानंतर सगळं उतरणीला लागलं. आई सकाळपासूनच दादाच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसू लागली. दुपारची वाट बघत. दुपार झाली की पायडल मारायला मशीनपाशीही जाईना, तिथेच भिंतीला डोकं टेकून ऐकायची. संध्याकाळी उठवायला गेलं की अंग थंड लागायचं. जेवण पुन्हा सुटलं. डॉक्टर आले, नाडी धरून बसले, आणि जाताना या वेळी काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं धाकटीला कळलं.

आईला वाचवायचं तर ही दुपार बंद व्हायला हवी होती.

वाजवणाऱ्याला बाहेर काढता येत नाही. तारा काढता येतात.

तिने सकाळी आई अंघोळीला गेलेली असताना काम उरकलं. चारी खुंट्या सैल केल्या, तारा उतरवल्या, वेटोळी करून दप्तरात टाकल्या. काकांचं सांगणं आठवलं. ओढणारा गेला की आवरणाऱ्यालाही सुट्टी. तिने चावी घातली आणि नट डावीकडे फिरवत गेली... पाव, अर्धा, पुरा... शेवटी नट बोटाने फिरू लागला. सळई पूर्ण सैल झाली. पट्टाही काढून कपाटात टाकला.

मग आईला बोलावलं.

"बघ. तारा नाहीत. आता दुपारी ऐक. काही ऐकू आलं तर मी पुन्हा तारा चढवीन. नाही आलं तर तू माझ्याबरोबर चल."

आईने त्या उघड्या दांड्याकडे पाहिलं. एखाद्या माणसाचे दात काढलेले बघावेत तसं.

"आता धरायला काय उरलं गं त्याला?" एवढंच म्हणाली.

दुपार झाली. आई बाहेर बसली, मशीनपाशी. दार लोटलेलं. आत धाकटी.

तारा नसताना मोजायची रीत वेगळी. तिने पोलादी सरळ पट्टी फ्रेटवर आडवी धरली, पहिल्यापासून दांडा अंगाला मिळतो तिथपर्यंत. तारांची ओढ नाही, सळईचा आवर नाही. लाकूड नुसतं लाकूड. सकाळी तिने अशीच पट्टी ठेवली होती, तेव्हा सर्वांत पातळ पातंही आत गेलं नव्हतं. सरळ होता दांडा. शून्य.

इमारत निजली.

पट्टा कुरकुरला नाही. तो कपाटात होता.

धाकटीने सुटकेचा श्वास घेतला...

आणि तिच्या डोळ्यांसमोर पट्टीखाली उजेडाची एक बारीक रेघ दिसू लागली.

मधोमध. केसाएवढी. मग केसाहून जाड...

दांडा वाकत होता.

तारा नव्हत्या. ओढायला तिथे काहीच नव्हतं. तिने पातं लावलं. पॉइंट तीन शून्य, सैल. पॉइंट चार शून्य...

बसलं.

हात थरथरला तर माप चुकतं. तिचा हात थरथरत नव्हता. तिने दोनदा मोजलं.

"काही आहे का गं?" दारापलीकडून आई. "मला ऐकू येत नाहीये. तूच सांग. आहे का तो?"

पातं अजून फटीत होतं. पट्टीखालचा उजेड तसाच होता.

धाकटीला डॉक्टरांचं ते न बोलणं आठवलं. आईचे ते थंड पडलेले हात आठवले. मैदानासमोरची मावशीची गॅलरी आठवली.

"काही नाही," ती म्हणाली.

बाहेर आईच्या बांगड्या वाजल्या.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

"बरं," आई म्हणाली. आणि तिच्या खुर्चीचा आवाज आला. ती बॅग भरायला उठली होती.

मावशीकडे आई शहाण्यासारखी वागली. वाढलेलं खायची. गॅलरीत बसायची. मैदानावर खेळणाऱ्या मुलांकडे बघायची. धाकटीला फोनवर म्हणायची, "तुझं काम कर गं, माझी काळजी नको." आवाजात काहीच ओढ नव्हती. धाकटीने ते चांगलं लक्षण मानलं.

एका दुपारी मावशीचा फोन आला.

जेवून आई आडवी झाली होती. चहाला उठवायला गेल्यावर उठलीच नाही. कसला त्रास नाही, धावपळ नाही. चेहरा झोपलेल्या माणसाचा.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, मावशी धाकटीजवळ येऊन बसली.

"तू तिला काय सांगितलं होतंस गं? त्या दुपारी?"

"कुठल्या?"

"तारा काढल्यास त्या. गेली त्या दिवशी जेवताना मला म्हणाली, धाकटी खोटं बोलली माझ्याशी. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, माझी पोर रोज आकडा सांगते. शेवटच्या शून्यासकट सांगते. त्या दुपारी तिने आकडा सांगितला नाही."

धाकटीने मावशीचा हात धरला.

"मग म्हणाली, म्हणजे तो आहे तिथे. तारा नाहीत, आवरायला कुणी नाही, आणि तो एकटाच ओढत बसलाय." मावशीने पदराने नाक पुसलं. "आणि म्हणाली, जरा पडते मी. म्हटलं, पड. मला काय ठाऊक, कुठे निघालीय."

गावी परतल्यावर धाकटी आधी काकांकडे गेली. काकांनी सगळं ऐकलं.  शेवटी विचारलं, "सळईही सैल केलीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"ओढणारा गेला की, म्हटलं होतं मी." काका हातातल्या कापडाने तीच जागा पुसत राहिले. "गेल्यावर."

घर रिकामं करायचं होतं. ती एकटीच गेली. शिवणयंत्र गेलं, पलंग गेला, खुर्ची गेली. खिळ्यावरची टोपी तिने पिशवीत घातली. बँडमधला एक मुलगा बेस न्यायला जिन्यापर्यंत आला, खोलीच्या दारात थबकला, आणि "नंतर बघू" म्हणून उतरून गेला. त्याने काय पाहिलं ते तिने विचारलं नाही. तिला तिथे काहीच दिसत नव्हतं.

तिला कधीच काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. आजही येत नाही. ती आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या प्रयोगशाळेत असते. दुपारी जेवण झाल्यावर तिचे सहकारी टेबलावर डोकं टेकून डुलकी काढतात. ती काढत नाही. हातातलं काम थांबवून बसते, आणि कुणी पातं खाली पाडलं की दचकते.

पण त्या दिवशी, रिकाम्या घरात, ती खोलीत शिरली तेव्हा दुपार व्हायची होती. बेस स्टँडवर होता. तारा नाहीत. पट्टा नाही. नट बोटाने फिरेल इतका सैल. तिने सरळ पट्टी फ्रेटवर धरली. पट्टीखाली उजेड नव्हता. सर्वांत पातळ पातंही आत गेलं नाही.

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. बसायला दुसरं काही उरलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरची धार थांबली. जिन्यावरचा शेवटचा पाय वाजला आणि गेला.

बाहेरच्या खोलीत, जिथे मशीन होतं तिथे, फरशीवर त्याच्या चार पायांचे चार डाग होते. तिथून काही आवाज येतो का, म्हणून तिने कान दिला.

काही नाही...

ती उठली. पट्टी फ्रेटवर ठेवली. पट्टीखाली उजेड होता. तिने पॉइंट चार शून्यचं पातं लावलं.

सैल.

पॉइंट पाच शून्य. सैल.

पॉइंट सहा शून्य. पॉइंट सात शून्य.

मग पुढचं पातं. ते बसलं. तिने काढून, पट्टी उचलून, पुन्हा ठेवून दुसऱ्यांदा मोजलं.

पॉइंट आठ शून्य.